नाकोबाचा पहिला ग्लास

काही माणसांना नाक श्वास घेण्यासाठी मिळतं. नाकोबाला ते मुरडण्यासाठीच मिळालं होतं. बसमधला दांडा तो रुमालाने धरायचा. जिन्याच्या कठड्याला हात लावण्यापेक्षा पडलेलं बरं, असं त्याचं मत होतं. घरात त्याचा ग्लास वेगळा, वेगळ्या फळीवर पालथा घातलेला. लहानपणी धाकट्या बहिणीने चावलेलं सफरचंद आईने त्याच्या हातात दिलं, तर त्याने ते खिडकीतून भिरकावलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. वडिलांच्या ग्लासातलं उष्टं पाणी तर त्याने जन्मात तोंडाला लावलं नव्हतं.

अशा माणसाला नोकरी लागली अंतराळयानं बनवणाऱ्या कारखान्यात. पांढरे झगे, डोक्यावर टोप्या, बुटांवर पिशव्या, धुळीचा कण सापडला तरी चौकशी. नाकोबा हरखला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ती जागा हीच, असं त्याला वाटलं. रुजू झाल्यावर विभाग कळला आणि स्वर्गातून थेट मोरीत पडल्यासारखं झालं.

यानात माणसं महिनोन्‌महिने राहणार. तितक्या दिवसांचं पाणी वर न्यायचं तर यानात दुसरं काही नेताच येणार नाही. म्हणून प्रवाशांचं मूत्र गाळून त्याचंच पुन्हा पिण्याचं पाणी करायचं. ते करणारं यंत्र याच विभागात तयार व्हायचं आणि नाकोबा त्या यंत्राचा फिटर होता. नळ्या जोडायच्या, सांधे आवळायचे, गळती शोधायची. गळती कशाची, ते सांगायला नकोच.

यंत्र मात्र बेट्याचं हुशार होतं. वर वजन नसतं, त्यामुळे पातळ पदार्थ भांड्याच्या तळाशी बसत नाही, वाटेल तसा तरंगतो. म्हणून तो एका फिरत्या ड्रममध्ये सोडायचा. ड्रम गरगर फिरला की सगळा द्रव भिंतीला चिकटतो. आतली हवा काढून घेतली की तो कोमट असतानाच उकळतो. वाफ एकीकडे जाते, तिचं पाणी होतं. ते गाळण्यांतून जातं, मग एका तापलेल्या डब्यातून, आणि शेवटी एक सेन्सर त्याची परीक्षा घेतो. नापास झालं तर पुन्हा पहिल्यापासून. ड्रममध्ये मागे उरतो तो काळपट, चिकट रगडा. त्याची टाकी बदलायचं काम नाकोबाचं. त्या टाकीचा वास असा, की दोनदा आंघोळ केली तरी आपल्याच केसांत तो येतोय असं त्याला रात्रभर वाटत राही.

बरं, चाचणीला खोटं मूत्र चालत नाही. खरंच लागतं. म्हणून बोळाच्या टोकाला दोन खोल्या केल्या होत्या आणि दारावर पाटी होती, 'योगदान कक्ष'. मुतारीला योगदान कक्ष म्हणणाऱ्या माणसाची जीभ कशी वळली असेल, देव जाणे. ज्यांची काही औषधं चालू नाहीत अशाच लोकांनी तिथे जायचं, कारण औषधं मिसळली की चाचणीचा निकाल बिघडतो. लोक हसत हसत योगदान देऊन यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत नाकोबाच्या टेबलावर मात्र बसायचे नाहीत. मूत यांचं, आणि वाळीत पडला हा.

या सगळ्यावर कळस म्हणजे तिथली एक रीत. यंत्र तयार झालं की सगळ्यांसमोर त्यातला पहिला ग्लास प्यायचा तो यंत्राचे सांधे आवळणाऱ्याने. ज्याने बांधलं त्यानेच आधी प्यायचं, तरच दुसऱ्याने ओठ लावायचे. रीत चांगलीच म्हणायची. पण नाकोबाने ती दोन्ही वेळा बुडवली होती. आधीची दोन यंत्रं जमिनीवरच्या चाचणीसाठी होती. दोन्ही वेळा त्याने घोट गालात धरला, हसून मान डोलावली, टाळ्या घेतल्या आणि मागच्या बेसिनमध्ये थुंकून आला. पाणी स्वच्छ आहे, नळाच्या पाण्याहून स्वच्छ आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं डोक्यात राहतं, आणि घास अडतो तो घशात.

घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "मी जीवनरक्षक प्रणालीत आहे," एवढंच. वडील लांब पल्ल्याच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि सगळ्या इमारतीत सांगून ठेवलं की मुलगा यानाचं इंजिन बनवतो.

मग म्हातारा न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पलंग धरला. लघवीचं भांडं आलं, शौचाचं भांडं आलं, रबरी चादर आली. खोलीत तो ओळखीचा वास आला, तसा नाकोबाने नाकाला रुमाल लावला. कारखान्यात निदान हातमोजे होते, झगा होता, पगार होता. घरात आला की वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून तो विचारपूस करायचा, जणू आत विजेचा प्रवाह सोडलाय. सगळं बायकोच करत होती. तिला शाळेत सकाळच्या पाळीची नोकरी लागली, तेव्हा तिने एकदा जेवताना विषय काढला. सकाळ तुमची, दुपार आणि रात्र माझी, असं तिचं म्हणणं. नाकोबा म्हणाला, एखादी बाई ठेवू. तशी बाई मिळत नव्हती हे त्यालाही माहीत होतं. मग तो म्हणाला की मला जमणारच नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. "लोकांचं मूत दिवसभर गाळता, त्याचा पगार आणता. धुवायला येणाऱ्या झग्यावरचा विभागाचा शिक्का वाचता येतो मला. आणि जन्मदात्याचं भांडं उचलायला स्वभाव आडवा येतो तुमचा. महिनाअखेरपर्यंत बघेन, नाहीतर बाबांना वृद्धाश्रमात पाठवू. तिथे निदान कुणी नाक मुरडलं तर ते परकं असेल."

भिंत पातळ होती. पलीकडे म्हाताऱ्याने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून नाकोबाने सकाळ घेतली. घेतली म्हणजे कशी, तर तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हातमोजे, मान भिंतीकडे, आणि चेहरा असा की भांड्यात साप असावा. म्हातारा छताकडे बघत राहायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "तुमच्या कारखान्यात हे लागतं ना रे? माझंही घेऊन जात जा की. फेकून देण्यापेक्षा कामाला येईल."

तो चेष्टा करत नव्हता. नाकोबाच्या ते लक्षात आलं, पण भांडं हातात होतं आणि श्वास कोंडलेला होता. "नाही चालत, बाबा. औषधं घेणाऱ्यांचं घेत नाहीत," तो मास्कमधून पुटपुटला.

"म्हणजे तिथेही मी बादच," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर काम हलकं होत गेलं. भांडं अर्धंच भरायचं, मग पाव, मग तळ झाकला तरी पुष्कळ. नाकोबाला हायसं वाटलं. म्हाताऱ्याची तब्येत सुधारतेय, असा सोयीचा अर्थ त्याने काढला. माणूस सोयीचं तेवढं बरोबर ओळखतो. शेवटी एका सकाळी भांडं उचलताना त्याची नजर चुकून आत गेली. तळाशी थोडंसंच होतं, गडद, तांबूस तपकिरी.

हा रंग तो ओळखत होता. सुट्टीच्या आधी काम उरकायच्या नादात लोक पाणी प्यायचं विसरले की योगदान कक्षातून असलंच यायचं आणि ड्रममध्ये रगडा लवकर साचायचा. त्याने खोलीत नजर फिरवली. उशाशी बायकोने भरून ठेवलेला तांब्या काठोकाठ होता. ग्लास अर्धा होता, त्याच्या काठावर रात्रीच्या भाताचं शीत वाळून चिकटलेलं.

"बाबा, पाणी का पीत नाही तुम्ही?"

म्हाताऱ्याने आधी उडवून लावलं. तहानच लागत नाही म्हणाला. नाकोबा तिथून हलला नाही, तेव्हा मात्र त्याने सांगितलं, आणि तेही गाडीच्या गोष्टीसारखं सांगितलं. लांबच्या फेरीवर ड्रायव्हरला मध्ये उतरता येत नाही. प्रवासी शिव्या घालतात. म्हणून निघायच्या आधीपासून पाणी बंद करायचं. सगळे ड्रायव्हर तसंच करतात. सवय असली की ओठ नुसते ओले केले तरी भागतं.

"आता कुठली फेरी आहे?" नाकोबाने विचारलं.

"तुझं तोंड बघवत नाही रे मला सकाळी," म्हातारा म्हणाला. "माझीच मला किळस येते मग."

नाकोबाला त्या क्षणी स्वतःची जितकी शिसारी आली तितकी त्या काळ्या टाकीचीही कधी आली नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला, की बाबा, मला कसली किळस, मी तर तिथलं पाणी पितो, पहिला ग्लास माझाच असतो. म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर आरशातून मागच्या प्रवाशांचे चेहरे वाचलेला माणूस तो.

"तू?" तो म्हणाला. "तू माझ्या ग्लासातलं पाणी कधी प्यायला नाहीस."

नाकोबा भांडं घेऊन बाहेर गेला. त्याने ते धुतलं. बोलण्याच्या नादात काढलेले हातमोजे पुन्हा घालायचे राहिले होते, हे त्याला साबण लावताना कळलं आणि त्याचं अंग शहारलं.

त्याच आठवड्यात तिसरं यंत्र तयार झालं. हे खरोखर वर जाणार होतं. साहेब आले, फोटोवाले आले, 'जीवनाचं अमृत' वगैरे भाषण झालं. भाषण करणाऱ्याने स्वतःसाठी बाटलीचं पाणी मागवलं होतं. वर जाणारी अंतराळवीर बाई मात्र यंत्राला खेटून उभी होती. नाकोबाच्या हातात ग्लास आला, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "काका, मला हे पुढचे कित्येक महिने प्यायचंय. चव कशी लागते ते खरं सांगा."

नाकोबाने घोट घेतला आणि सवयीने गालात धरला. बेसिन मागेच होतं. ती बाई त्याच्या गळ्याकडे बघत होती, गिळतोय की नाही ते. त्याने डोळे मिटले आणि गिळलं. मग उरलेला ग्लास घटाघटा संपवला, थांबला तर जमणार नाही म्हणून.

"चवच नाही," तो म्हणाला. त्याला चक्क राग आला होता. इतक्या वर्षांची किळस, आणि आत काहीच नव्हतं.

घरी आल्यावर हातपाय न धुता तो थेट वडिलांच्या खोलीत गेला, उंबऱ्यावर थांबला नाही. म्हातारा जागा होता. ओठांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. उशाशी तोच ग्लास, अर्धा. काठावर आजही भाताचं शीत, पाण्यावर बारीक तवंग, दाताच्या कवळीचा वास. कारखान्यातलं पाणी याच्यापुढे गंगाजळ होतं.

नाकोबाने ग्लास उचलला आणि निम्मं पाणी प्यायलं. शीतही गेलं. चेहरा मुरडला तो मुरडलाच, जित्याची खोड ती. पण गिळलं.

"उरलेलं तुम्ही," तो म्हणाला आणि ग्लास पुढे केला.

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोपरावर कसाबसा उठला, ग्लास घेतला आणि तळापर्यंत प्यायला. नाकोबाने तांब्यातून पुन्हा भरला. म्हाताऱ्याने तोही संपवला आणि तोंड पुसलं.

"आता ते भांडं लागेल मला, थोड्या वेळाने."

"लागू दे," नाकोबा म्हणाला, आणि पलंगाच्या कडेला बसून राहिला.