पैलवानाला समुद्र दाखवायला नेलं

शेवट ओळखून दाखवा. आत्ताच सांगतो, अजून कोणाला जमलेलं नाही. आपला डॉक्टर तर तिथं हजर होता, त्यालाही जमलं नाही. ओळखलात तर ओक ट्री रोडवर चहा माझा, वर समोसाही माझा.

किस्से साठतात कसे, माहितीये? आपल्या फ्रीजरमधल्या दह्याच्या डब्यांसारखे. वर लिहिलंय दही, आत काय आहे ते देवाला ठाऊक. एक उघडावा तर आमटी निघते, दुसरा उघडावा तर मागच्या होळीचं पुरण. अटलांटिक सिटीचा डबा मी सगळ्यात मागं सारून ठेवला होता. आज तुम्हीच विषय काढलात, म्हणून उघडतो. वास आला तर नाकाला रुमाल लावा.

*

आधी तात्या वस्ताद.

मी बारा वर्षांचा, गावच्या तालमीत जायचो. तात्या तेव्हा पंचविशीतले. मिशी अशी, की आधी मिशी गल्लीत शिरायची आणि मग तात्या.

एका दुपारी तात्या तालमीच्या कट्ट्यावर झोपले होते. मी पोरांशी पैज लावली, मिशीचं डावं टोक कापून आणतो. न्हाव्याची कात्री ढापली. श्वास रोखून गेलो. कात्री मिशीला लागते न लागते, तोच तात्या डोळे न उघडता म्हणाले, "बापू, उजव्या बाजूनं सुरू कर. डावीकडं दाट आहे."

कात्री माझ्याच पायावर पडली.

मारलं नाही हो. नुसतं म्हणाले, "तुझ्या अंगात ताकद नाही रे, किडे आहेत. किड्यांना तालीम लागत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

झाली माझी पैलवानकी. शाळा तर चौथीतच सुटली होती. पुढं भावानं अमेरिकेला बोलावलं, आणि मी तीस वर्षं इथं आयसेलिनला, ह्याच ओक ट्री रोडवर, मिठाईच्या दुकानात जिलेब्या तळल्या. जिलेबी काय इंग्रजीत तळावी लागत नाही.

किडे मात्र माझ्याबरोबर विमानात बसून आले.

*

ह्या तात्यांचा चेला म्हणजे हणमंत पैलवान. टीव्हीवर बघितलाय तुम्ही. मोठी गदा जिंकला म्हणून आपल्या इथल्या मराठी मंडळानं सत्काराला बोलावला. शाळेचा हॉल भरून बायका-पोरं आली. हणमंत स्टेजवर बसला आणि स्टेजची खुर्ची कायमची गेली.

सत्कार झाला, आता पोराला कुठं फिरवायचं? डॉक्टर म्हणाला, अटलांटिक सिटी. डॉक्टर म्हणजे आपला हार्टवाला, रिटायर झालेला. तो तिथल्या जुगाराच्या मशीनांवर दर महिन्याला इतका बसतो, की हॉटेलवाले त्याला खोल्या फुकट देतात. त्याची पोरगी रिया गाडी चालवणार. दोन दिवस, समुद्र, मजा.

निघायच्या आदल्या दिवशी तात्यांचा फोन.

"बापू, तिथं जुगाराचा अड्डा आहे म्हणे."

"तात्या, समुद्र दाखवायला नेतोय."

त्यांना काळजी का, तेही ऐका. हणमंतच्या बापानं मटक्यात राहतं घर घालवलं आणि मग स्वतःही कुठंतरी गेला. आईनं सहा वर्षांचं पोर तात्यांकडं आणून सोडलं. तात्यांनी त्याचे दोन्ही हात आखाड्याच्या तांबड्या मातीत दाबले आणि शपथ घ्यायला लावली, ह्या हातांना जुगार लागणार नाही. त्या दिवसापासून पोरानं कधी गोट्याही खेळल्या नाहीत.

"पोराचे हात तुझ्या भरवशावर सोडतोय," तात्या म्हणाले.

"काळजीच नको."

"तुझं कळलं. किडे काय म्हणतात?"

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

*

हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, ग्रुपमधे कोणी खास आहे का? मी माझ्या तोडक्या-मोडक्या इंग्रजीत डॉक्टरकडं बोट दाखवलं. "बिग रेसलर. इंडिया नंबर वन."

डॉक्टर म्हणजे पाच फूट दोन इंच. छातीत तीन स्टेंट. हणमंत त्याची बॅग धरून मागं उभा.

पाच मिनिटांत मॅनेजर आला, दोन वेटर आले, फोटो सुरू झाले. मला वाटलं, आता डॉक्टर माझा गळा धरणार. कसला धरतोय! त्यानं शर्टाची बाही वर केली आणि दंड फुगवून दाखवला.

रिया म्हणाली, "डॅड, यू आर लव्हिंग धिस."

डॉक्टर म्हणाला, "गप्प बस. तुझी आई गेल्यापासून ह्या दंडाकडं कोणी बघितलं नाहीये."

एवढ्यावर थांबायला हवं होतं मी. बघा ना, किती छान झालं होतं.

*

त्या हॉटेलांची एक गंमत असते. काउंटरपासून लिफ्टपर्यंत जायचं तर मधे सगळी मशीनंच मशीनं. दुसरा रस्ताच ठेवत नाहीत.

हणमंत दारात थांबला. "काका, ह्यातून जायचं?"

"जायचंच. खोली वर आहे."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाला, "बांधा."

मी बांधले. असा सव्वाशे किलोचा गडी, हात पाठीला बांधलेले, मान खाली, मधून चाललाय. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मी. लोकांनी खेळ थांबवले. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं छातीवर क्रॉस केला. सिक्युरिटीवाला धावत आला आणि डॉक्टरला विचारतो, "ऑफिसर, ह्यानं काय केलंय?"

डॉक्टर म्हणाला, "नथिंग. दॅट इज द प्रॉब्लेम."

वर गेल्यावर मी हसून हसून पलंगावर लोळलो. हणमंतही हसला. पण टॉवेल सोडल्यावर त्यानं तळहात उलटेसुलटे करून बघितले, काही लागलं तर नाही ना, असे. ते बघितलं मी. बघितलं नाही असं म्हणायची सोय नाही.

*

सकाळी बुफे. हणमंतनं बावीस अंडी खाल्ली. आम्लेटवाला मेक्सिकन गडी, त्यानं शेवटी तवा ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

खाता खाता रियानं विचारलं, "हणमंतदादा, रूल मोडला तर पनिशमेंट काय? लाइक, पुश-अप्स?"

"मला काहीच नाही, ताई," तो म्हणाला. "आमच्या तालमीत चेला चुकला, तर दंड वस्ताद भरतो."

"म्हणजे?"

"मी पंधरा वर्षांचा होतो. पोरांबरोबर तमाशा बघायला पळालो. सकाळी परत आलो, तर तात्या आखाड्यात जोर मारत होते. पाचशे. माझ्या वाटणीचे. मी रडून पाय धरले, तरी थांबले नाहीत. तेव्हा त्यांचं वय साठच्या पुढं होतं. त्यानंतर मी कधी चुकलो नाही."

डॉक्टरनं चमचा खाली ठेवला. रिया म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर."

"अनफेअर म्हणजे?"

"अन्याय."

"व्हय," हणमंत म्हणाला. "म्हणून तर चुकता येत नाही."

हे सगळं मी ऐकलं होतं. माझ्या ताटात तेव्हा पॅनकेक होता. पुढचं सांगताना हे लक्षात ठेवा, की मी ऐकलं होतं.

*

मग बाहेर बोर्डवॉक, म्हणजे समुद्राकाठचा लांबलचक लाकडी रस्ता. तिथं ताकदीचा खेळ होता. मोठा हातोडा खाली आपटायचा, की वर घंटा वाजते.

हणमंतनं आधी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हा जुगार नव्हे ना?"

"नाही रे. हा हातोडा आहे."

हणमंतनं एकदाच आपटला. घंटा वाजली, आणि मग घंटा खाली पडली. खेळवाल्यानं न बोलता सगळ्यात मोठं गुलाबी अस्वल काढून दिलं. हणमंत ते काखेत मारून चालला. पोरं मागं, फोटो, दंगा. असा खूश मी त्याला गदा घेतानाही बघितला नव्हता. मला म्हणतो, "काका, अस्वल तात्यांना नेतो. तालमीत ठेवू."

तिथंच किडे वळवळले.

*

हॉटेलच्या समुद्राकडल्या दारात एक मशीन होतं. नेहमीचं बटणांचं नव्हे. माणसाएवढं उंच, आणि बाजूला हातोड्याच्या दांड्याएवढा लोखंडी दांडा. लोकांनी फोटो काढावेत म्हणून ठेवलेलं, पण होतं जुगाराचंच. डॉक्टर आणि रिया आइस्क्रीम आणायला गेले होते. मी हळूच पाच डॉलरची नोट आत सरकवली.

"हणम्या, हा दुसरा ताकदीचा खेळ. दांडा खाली ओढायचा. कोणाला जमत नाही म्हणे."

त्यानं अस्वल खाली ठेवलं. मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, जुगार नव्हे ना?"

"नाही रे."

"नक्की?"

आता मला सांगा, इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी गळ्याला हात लावला.

"तात्यांची शप्पथ."

तो लगेच पुढं झाला. का नाही होणार? मी त्याच तालमीतला, त्याच मातीतला म्हातारा. त्यानं दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

दिवे लागले. भोंगा वाजला. तीन लाल सात एका ओळीत. चाळीस लोक टाळ्या पिटत गोळा झाले. मशीनमधून जिंकलेल्या पैशांची चिठ्ठी बाहेर आली, आणि मी पोट धरून जमिनीवर बसलो. "जिंकला! पैलवान जुगारात जिंकला!"

माझं मराठी तिथं कोणालाच कळलं नाही. एकट्याला सोडून.

हणमंतनं चिठ्ठीला हात लावला नाही. पायऱ्या उतरून वाळूवर गेला, पाण्याजवळ गुडघ्यावर बसला आणि हात धुवायला लागला. ओली वाळू घ्यायची, तळहाताला चोळायची, लाटेत धुवायचे. पुन्हा वाळू घ्यायची.

डॉक्टर आइस्क्रीम घेऊन आला. रियानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, हसतच सांगायला गेलो.

ती म्हणाली, "बापूकाका, दॅट वॉज नॉट फनी." माझ्या वाटचं आइस्क्रीम तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

अर्धा तास झाला तरी तो हात धूतच होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतनं फोन हातात घेतला. तिकडं संध्याकाळ झाली होती.

मी म्हणलं, "पोरा, सांगू नकोस. इथं तात्यांचं कोण बसलंय बघायला?"

"मी बसलोय की, काका."

"चूक माझी आहे. माझं नाव सांग."

"तुमचं नाव नाही घेणार. तुम्ही वयानं मोठे."

आणि माझ्यासमोर फोन लावला. "तात्या, माझ्या हाताला जुगार लागला." एवढंच. पुढं एक शब्द नाही, सबब नाही. पलीकडून तात्या "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मागं बसलो. गुलाबी अस्वल माझ्या मांडीवर होतं. दुसरीकडं जागा नव्हती.

*

दोन महिने मी तात्यांना फोन केला नाही. आज करू, उद्या करू. डॉक्टर रोज विचारायचा, "केलास का?" शेवटी एक दिवस त्यानंच व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

पडद्यावर तात्यांचा फेटा आणि कपाळ तेवढं दिसत होतं. मागं भिंतीशी हणमंत बसलेला, आणि खुंटीला ते अस्वल.

"तात्या, मी बापू."

"ओळखला."

"तात्या, त्या दिवशीचं सगळं मीच केलं. पोराला फसवलं. तुमची खोटी शपथ घेतली. त्याचा काही दोष नाही."

"ठाऊक आहे."

"त्यानं सांगितलं?"

"त्यानं कशाला सांगायला पाहिजे? तू तिथं होतास, एवढं पुरे आहे."

"मग त्याला मोकळं करा, तात्या. काय दंड असेल तो मला सांगा. मी भरतो."

"दांडा कोणाच्या हातांनी ओढला?"

"हणमंतच्या."

"ते हात मातीत कोणी दाबले होते?"

हणमंतची मान खाली गेली. मी उगीच म्हणलं, "तात्या, फोन जरा खाली करा. नुसता फेटाच दिसतोय."

"दिसू दे."

"तोंड बघू द्या हो. कधीपासून बघितलं नाही."

त्यांनी फोन खाली केला. गाल तोच, नाक तेच. नाकाखाली, जिथं साठ वर्षांत कधी ऊन लागलं नव्हतं, तिथं उघड्या कातडीची पांढरी पट्टी.

"उजव्या बाजूनं सुरू केली," तात्या म्हणाले. "डावीकडं दाट होती."