मोटारीच्या दिव्यांना कल्हई

आमच्या घरी त्या वर्षात जितक्या वेळा मोटारीचे दिवे घासले गेले, तितक्या वेळा देवाची समईसुद्धा घासली गेली नसेल. लढाईचे दिवस होते. डोणगावात एका मोठ्या जमीनदाराची मोटार होती आणि ती आमचे हे चालवत. गावात तेवढी एकच मोटार, त्यामुळे चालवणाऱ्याचा रुबाब मालकापेक्षा कमी नव्हता. खाकी कोट घालून हे निघाले की माणसं थांबून रामराम घालत. आणि मीही, खोटं कशाला बोलू, विहिरीवर जाताना मान जरा वर करूनच चालत असे.

मग एका हिवाळ्यात यांनी दिव्यांची तक्रार सुरू केली. उजेड पिवळट पडतो म्हणे, रस्त्याची कड दिसत नाही. नवे दिवे मागवावेत तर लढाईमुळे खामगावातच काय, नागपुरातही मिळेनात. मालक म्हणाले, तूच बघ काय ते. तेव्हा एका दुपारी यांनी दोन्ही दिवे मोटारीवरून उतरवले, गोणपाटात गुंडाळून घरी आणले आणि ओसरीवर मांडले.

मोटारीचा दिवा आतून कसा असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. समोरच्या काचेभोवती एक कडी, कडीच्या खाली एक स्क्रू. तो काढला की काच सुटते, आणि आत एक खोलगट वाटी, तिच्या मधोमध बल्ब. वाटीला आतून चांदीचा मुलामा असतो, आरशासारखा. आमच्या वाट्यांवर काळे डाग पडले होते. हे म्हणाले, रोग इथं आहे. मलाही ते पटलं.

हे कसल्याशा कामाला बाहेर गेले, तेवढ्यात सासूबाईंनी त्या वाट्या उचलल्या. काळं पडलेलं भांडं त्यांना बघवत नसे. चिंच आणि राख लावून त्यांनी दोन्ही वाट्या अशा घासल्या की डागांबरोबर चांदीही गेली आणि खालचं पितळ वर आलं. पितळ मात्र झकास चमकत होतं. मुलगा आल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकाने वाट्या पुढे केल्या. हे आईला कधी उलटून बोलत नसत. रागवायचं काम मग मीच केलं, आणि त्याबद्दल पुढे बरेच दिवस बोलणी खाल्ली.

आता चांदी आणायची कुठून? शेवटी आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. चाचांनी उभ्या जन्मात दिव्याला कल्हई केली नव्हती, पण पातेलं काय आणि दिवा काय, असं म्हणून त्यांनी अंगणात भाता लावला. वाटी तापवली, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. धुराने आम्ही सगळे खोकलो. चांदीची सर आली नाही, पण वाट्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. यांनी वर मोठे बल्ब बसवले, काचा सोड्याच्या पाण्याने धुतल्या, दिव्यांची तोंडं थोडी आत वळवली. आठवडाभरातच गाडीवाल्यांची कुरकूर ऐकू येऊ लागली. समोरून मोटार आली की बैल बुजतात, माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे मात्र म्हणत होते, उजेड कमीच आहे.

वाट्या परत उतरल्या, परत कल्हई झाली. चाचा हसून म्हणाले, मियाँ, आता याच्यापुढे सूर्यालाच कल्हई करावी लागेल. हे हसले नाहीत. चाचांशी असे तुटक बोलले की ते सामान आवरून निघून गेले आणि पुन्हा आमच्या अंगणात आले नाहीत. मला चाचांचं वाईट वाटलं, यांचा राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती वाटली.

कारण दिवेलागण झाली की मोटारीचं काम सोडून हे घराबाहेर पडेनासे झाले होते. दारातल्या बादलीला पाय लागून पाणी सांडायचं, आणि बादली वाटेत ठेवली म्हणून बोलणी मला. पारावर बसणं सुटलं. जेवण सूर्य मावळायच्या आत. शेजारीण म्हणायची, तुमच्या यांनी जैनांचा धर्म घेतला काय? मी हसून वेळ मारून नेत असे. सासरेही उतारवयात संध्याकाळनंतर ओसरी उतरत नसत, हे मला लग्नानंतर कुणीतरी सांगितलं होतं. यांना तर अजून चाळिशीही लागली नव्हती.

बाजाराच्या दिवशी मी बकऱ्याचं काळीज आणू लागले. रातआंधळ्याला काळीज खाऊ घालतात हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मी ते रांधून वाढायची, हे मुकाट्याने खायचे. कशाला रांधलंस हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेवग्याचा पाला, गाजरं, काय काय म्हणून त्या घरात शिजलं. तो शब्द तेवढा कुणी तोंडातून काढला नाही. काढला असता तर मोटार गेली असती, कोट गेला असता, आणि हे कोण उरले असते ते मला ठाऊक नव्हतं. त्यापेक्षा दिवे घासणं सोपं होतं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्या घरी अक्षरशः चालू होती.

अशातच मालकांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी अशक्त, पायांवर सूज. सुईणीने हात टेकले आणि सांगितलं की कळा सुरू झाल्या की मेहकरचा दवाखाना गाठा. मालकांनी यांना बोलावून बजावलं की मोटार तयार ठेव, दिवस असो की रात्र. हे हो म्हणून आले. मेहकरचा रस्ता मला माहीत होता. वाटेतले नाले, वळणं, पैनगंगेकडचा उतार. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाळंतिणीला घेऊन मोटार कुठल्या नाल्यात जाईल, एवढंच मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी पुन्हा दिवे उतरवले. बॅटरीही घरी आणली. अंधार पडल्यावर भिंतीवर उजेड पाडून दिवा नेमका लावून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. एक दिवा उलट्या पाटीवर ठेवला. मी बॅटरीपाशी बसले, वायरचा चिमटा माझ्या हातात. हे दिव्याकडे पाठ करून चुन्याच्या भिंतीसमोर उभे राहिले, उजेड पडेल तिथे खूण करायला हातात कोळसा घेऊन. म्हणाले, लाव.

मी चिमटा लावला. खट् असा आवाज झाला, पण चिमटा नीट बसला नव्हता. दिवा लागलाच नाही. अंगण अंधारात तसंच.

"हां," हे भिंतीकडे बघत म्हणाले, "आता पाह्य, उजेड कसा लख्ख पडला. जरासाक खालतं घे."

आणि अंधाऱ्या भिंतीवर त्यांनी कोळशाने रेघ ओढली.

मी चिमटा पुन्हा लावायला हवा होता. कुणाला काही कळलं नसतं. पण ती पोरगी डोळ्यांपुढून हलेना. मी जागची उठले नाही, तिथूनच म्हणाले, "दिवा लागला नाई अजून."

हे भिंतीकडे तोंड करूनच राहिले. तसंच त्यांनी विचारलं, "कवापासून समजते तुले?"

"काळीज रांधून राह्यली तवापासून."

कोळसा त्यांच्या हातातून खाली पडला. तो त्यांनी शोधला नाही. म्हणाले, "मालकाले तू सांग. मह्या तोंडातून निंघत नाई."

मी तशीच उठून मालकांच्या मागच्या दाराने गेले आणि मालकिणीला सांगितलं. तिने मला पाणी विचारलं. दुसऱ्या दिवशी उन्हं असतानाच त्यांनी लेकीला मेहकरला हलवलं. चालवायला मेहकरच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवरचा एकजण आणला होता. निघण्याआधी यांनी दोन्ही दिवे स्वतः बसवले, बॅटरी जोडली, काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मालकांनी यांना शेतावरच्या देखरेखीचं काम दिलं, वाईट वागवलं नाही. लेक सुखरूप बाळंत झाली, पेढे घरी आले. मी ते खाल्ले, मला कसलीही चव लागली नाही.

एका संध्याकाळी आम्ही ओसरीवर जेवायला बसलो असताना मोटार दारावरून गेली. समोरची आख्खी भिंत उजळली आणि पुन्हा काळी झाली. हे कानोसा घेत होते.

"दिवे कसे पडून राह्यले?" त्यांनी विचारलं.

"लख्ख," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे करून ताट चाचपू लागले, माझ्या देखत, लपवाछपवी न करता. भाकरी सापडेना, तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली.