पाणी मारणाऱ्या बाईचा स्लॅब

भागूबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज कधी पडली नाही. उलट ती उठली की घड्याळ मागं पडलंय का ते घरच्यांना कळायचं.

ती पाणी मारायची. बांधकामावर स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी लागतं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. ते ओलं राहून घट्ट होतं. ऊन चढायच्या आधी एकदा भरपूर भिजवायचं, दुपारी बघायचं, संध्याकाळी परत. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. ज्या बांधकामावर हे नीट झालं तिथं घर टिकतं, जिथं टाळाटाळ झाली तिथं दोन पावसाळ्यांत छत गळतं. मिस्त्रीचं नाव होतं, पाणी मारणाऱ्या बाईचं होत नाही. भागूबाईनं हे काम तीस वर्षं केलं.

ती मूळची अजिंठ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात नवरा पुंजाराम आणि कडेवरचा लेक सांडू, एवढा संसार घेऊन शहरात आली. आधी खडी फोडली, मग पाट्या वाहिल्या. पुंजाराम मोंढ्यात हमाली करायचा. तो लवकर गेला. त्यानंतर एका मुकादमानं तिला पाण्यावर लावलं, कारण पाट्या वाहून तिचा गुडघा गेला होता. मुकादमाला वाटलं, हलकं काम आहे. भागूबाईनं ते हलकं ठेवलं नाही. ती कॉलमला हाताची उलटी बाजू लावायची, लेकराचा ताप बघावा तशी. काँक्रीट पहिल्या दिवसांत खरंच तापतं. हाताला गरम लागलं की ती परत पाईप धरायची.

सांडू सेंट्रिंगच्या कामाला लागला. फळ्या ठोकायच्या, टेके लावायचे, स्लॅब पडला की ठरल्या दिवशी ते काढायचे. कितीतरी बांधकामांवर मायलेक एकाच स्लॅबचे मजूर होते. तो खालून, ती वरून.

राहायला मात्र शहराच्या कडेला, पडेगावच्या गल्लीत पत्र्याचं घर. पत्र्यावर दगड. एका वैशाखात वावटळ आली आणि दगडांसकट एक पत्रा उचलून शेजारच्या सत्यभामाच्या न्हाणीवर टाकला. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून वारा सुटला की भागूबाई उठून बसायची. आपल्या डोक्यावर एक दिवस स्लॅब पाहिजे, एवढं एकच ती मागायची.

"पत्रा वाऱ्याचा असतो," ती म्हणायची. "स्लॅब आपला असतो."

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. पडेगावात नळ आठवड्यातून एकदा. उन्हाळ्यात आठाचे दहा दिवस होतात, आणि तो कोणत्या वेळी येईल ते नळालाच ठाऊक. बहुतेक वेळा भल्या पहाटे. भागूबाई जागीच असायची, त्यामुळे पाईपात पहिली हवा फुसफुसली की ती गल्लीभर फिरून एकेका दाराची कडी वाजवायची. "नळ आला." एवढे दोनच शब्द. सत्यभामा दार उघडताना दर वेळी नवी शिवी काढायची. म्हातारे, तुला झोप नाही म्हणून आमालाबी नाही का, असं म्हणायची, आणि हंडा घेऊन सगळ्यांत पुढं उभी राहायची.

घरात पाण्याचा कारभार भागूबाईकडं. सून आशाबाईनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं. नात निशा लहान असताना तिच्या अंघोळीचं पाणी परातीत धरलं जायचं. त्यात पायपुसणी धुतली जायची, मग ते पपईच्या झाडाला. पिंपावर फडकं बांधलेलं, फडक्यावर तांब्या उपडा. तो तांब्या भागूबाईशिवाय कुणी सुलटा करायचा नाही. बाहेर दिवसभर पाईपानं पाणी उडवणारी बाई घरात तोंड धुवायला ओंजळ मोजून द्यायची. यात कुणाला विसंगत वाटलं नाही. बाहेरचं पाणी मालकाच्या बोअरचं, घरचं नळाचं.

भागूबाई सत्तरी ओलांडून कामावरून उतरली तेव्हा स्लॅबाचं ठरलं. भिंती सांडूनं आधीच विटांत चढवल्या होत्या. लोखंड, सिमेंट, खडी भागूबाईच्या साठवणीतून. तिनं कुठं काय साठवलं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मिस्त्री म्हणून खाजाभाईला बोलावलं. पंचवीस वर्षांची ओळख. तो तिला अम्मा म्हणायचा आणि चहात साखर कमी पडली की तिच्याकडं तक्रार करायचा.

चैत्र सरत होता. पावसाळ्याच्या आत व्हावं म्हणून घाई होती. सकाळी मिक्सर लागला, दुपारी कडा तासून झाल्या. स्लॅब पडला की मालकानं मजुरांना जेवण द्यायचं असतं. त्या दिवशी आशाबाईनं मटण केलं. भागूबाई मजुरांच्या पंगतीत बसली आणि खाजाभाई हसायला लागला, अम्मा तू तर मालकीण. तेव्हा ती म्हणाली की तीस वर्षांत तिनं स्लॅबाचं जेवण एकदाही खाल्लं नाही. पाणी मारणारी दुसऱ्या दिवशी येते. तोवर पातेली घासून झालेली असतात.

दुसऱ्या दिवशी सांडूला सिल्लोडला कामावर जायचं होतं. मुकादमाला शब्द दिलेला. तो पाण्याचं बोलायला लागला तशी भागूबाईनं त्याला थांबवलं. टँकर सांगून ठेवलाय, पिंपं भरलेली आहेत, ते माझं काम, तू जा. सांडू निश्चिंत गेला. साऱ्या शहरात पाण्याच्या कामात तिच्याइतकं जाणतं माणूस त्याला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो परतला. सवयीनं आधी शिडी चढला.

स्लॅब पांढरा पडला होता. ओला स्लॅब काळपट दिसतो, हा राखेसारखा. पाणी साचून राहावं म्हणून मातीची आळी घातलेली होती, नीट, हात फिरवून केलेली, पण त्यांत पाणी नव्हतं. तळाशी नुसते ओले डाग. आणि मधोमध, केसासारख्या, जाळं विणावं तशा भेगा.

सांडू खाली बसला. उन्हानं पाय भाजत होते तरी बसला. हे छत गळायला लागलं तर दुसरं होणार नव्हतं. माय पुन्हा तीस वर्षं काम करणार नव्हती.

खाली येऊन त्यानं पिंपं बघितली. एक अख्खं भरलेलं होतं, फडकं बांधून. दुसरं निम्मं. आशाबाई मान खाली घालून भाकरी थापत होती. तिच्याकडून कळलं ते असं, की टँकरवाला रोज उद्या म्हणत होता, नळाला अजून एक दिवस होता, आणि आत्या रोज पहाटे साडेतीनला, दुपारी आणि संध्याकाळी, एक वेळ न चुकवता, शिडी चढत होत्या. गुडघा धरून. हातात तांब्या.

तांब्यानं पाणी शिंपडत होत्या.

खाजाभाईला बोलावलं. तो वर गेला, बोट फिरवलं, खाली आला आणि भागूबाईसमोर उकिडवा बसला.

"अम्मा, ये कोथिंबीर हय क्या?"

मग खाजाभाईनं सांडूला सांगितलं की वरची कातडी फाटलीय. आत हाड शाबूत आहे का ते टेके काढल्यावरच कळेल. आता लगेच भरपूर पाणी मिळालं तर आशा आहे. त्यानं स्वतः सिमेंटची पातळ रबडी करून भेगांत भरली आणि चहा न घेता गेला. चहा न घेता तो कधी जात नसे. त्यावरून सांडू काय ते समजला.

उरलेलं दीड पिंप सांडूनं वर ओतलं. भागूबाई बघत राहिली. प्यायला एक कळशी ठेवली. दीड पिंपात त्या उन्हात एक रात्र निघते, जास्त नाही.

संध्याकाळी ती सांडूजवळ येऊन बसली.

"लोकाचं पाणी व्हतं तव्हा हात सैल व्हता," ती म्हणाली. "आपलं म्हणलं की आखडला. मला दिसत व्हतं रे वाळतंय ते. हातच उलटा व्हईना."

सांडूला रागवायचं होतं. पण ज्या हाताबद्दल ती बोलत होती त्याच हातानं त्याला वाढवलं होतं, एका तांब्यात दोन माणसं भागवून. तो एवढंच म्हणाला, की उद्या नळ येईल.

"एका घराच्या नळाला काय व्हतंय?" ती म्हणाली. आणि ते खरं होतं. नळ तासभर टिकायचा, आणि पुढं आठ दिवस प्यायलाही लागणार होतं.

पहाटे पाईप फुसफुसला. भागूबाईनं नेहमीसारखी पहिली कडी सत्यभामाची वाजवली. सांडू शिडीजवळ उभा होता, त्याला दोघी दिसत होत्या. सत्यभामा केस बांधत दारात आली आणि शिवी काढायच्या बेतात होती.

"नळ आला," भागूबाई म्हणाली. पण नेहमीसारखी पुढच्या दाराला गेली नाही. उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिनं कुणाकडं घोटभर पाणी मागितलं नव्हतं. "सत्यभामा, एक हंडा माझ्या स्लॅबावर टाकशील का? पहिला. मग तुझं भर."

सत्यभामानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आठ वरसं झोप मोडली माझी," ती म्हणाली. "तवा म्या काही म्हणले का?"

"दर येळी म्हणतीस की."

"म्हणते, पर उठते का नाय? चल, बाकीच्यांच्या कड्या वाजव. एका हंड्यानं म्हशीची पाठबी भिजत नाय, तुझा स्लॅब काय भिजायचा?"

गल्लीत सांगायला लागलं नाही. खाजाभाई काय बोलला ते आदल्या दिवशीच घराघरांत गेलं होतं, पत्र्याच्या भिंतीतून काय लपतं? प्रत्येक घरातून पहिला हंडा निघाला. शिडीवर आशाबाई, खाली निशा, वर सांडू. कॉलेजला जाणारी निशा एरवी हंडा उचलताना नखं बघायची. त्या दिवशी तिनं कुणाला पुढं येऊ दिलं नाही. सांडू हंडा उलटा करायचा आणि आळं भरताना बघायचा. काँक्रीट पाणी पिताना बारीक आवाज करतं. तो आवाज त्यानं हजारदा ऐकला होता, पण खालून. वरून पहिल्यांदाच ऐकला.

एका बाईनं साबणाचं पाणी आणलं. भागूबाईनं ते परत पाठवलं. अडली होती तरी कामात खोट चालवून घेणार नव्हती. मग तिनं आपल्या ट्रंकेतली जुनी लुगडी काढली, वर पसरायला लावली, म्हणजे ऊन पाणी उडवणार नाही. सत्यभामानं दोन गोधड्या दिल्या. आणखी कुणी गोणपाट दिलं. उजाडलं तेव्हा त्या छतावर साऱ्या गल्लीची जुनेरं ओली पडली होती.

टँकर त्यानंतर तिसऱ्या दिवशी आला. पुढं पाणी कमी पडलं नाही. पण भेगा पडल्या होत्या त्या पडल्या होत्या. रबडी भरलेली दिसत होती. त्या दिवसांत सांडू झोपेतून उठून छताखाली जायचा, टेक्यांच्या रानात उभा राहायचा आणि फळ्यांच्या सांध्यांना हात लावून बघायचा. फळ्या तर ओल्याच असतात. त्यावरून काही कळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी जायचा.

टेके काढायच्या दिवशी खाजाभाईनं वर पाणी तुडुंब भरून ठेवायला लावलं. सांडू एकटा आत गेला. बाकी कुणाला आत येऊ दिलं नाही. भागूबाई सत्यभामाच्या उंबऱ्यावर बसली होती. त्यानं मधल्या टेक्यापासून सुरुवात केली, तसंच करायचं असतं. पाचर ठोकून सैल केली. टेका हलला, निघाला. वर काही कुरकुरलं नाही. एकेक करत सगळे काढले. फळ्या सोडल्या. खालचं काँक्रीट उघडं पडलं, फळीच्या रेघा उमटलेलं, आणि कोरडं. त्यानं स्टुलावर चढून मधोमध हातोडी मारली. भद् वाजलं असतं तर संपलं होतं.

टण् वाजलं.

बाहेर खाजाभाईनं तो आवाज ऐकला आणि ओरडून विचारलं, चहा हय का आज?

दिवसभर वर पाणी तसंच राहिलं. खाली एक थेंब आला नाही. संध्याकाळी भागूबाई आत आली. तिनं जमिनीवर पोतं टाकलं आणि उताणी पडली. बराच वेळ वर बघत होती. आशाबाईनं विचारलं, आत्या, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तिनं जेवण घातलं. स्लॅबाचं नाही, ते झालं होतं. हे पाणी मारणाऱ्यांचं. साऱ्या गल्लीतल्या बाया छताखाली बसल्या. भागूबाई स्वतः जग घेऊन पंगतीत फिरली आणि प्रत्येकीचा पेला काठोकाठ भरला. सत्यभामा म्हणाली, बास की, सांडतंय. भागूबाई ओततच होती.

त्यानंतर नऊ उन्हाळे ती त्या छताखाली झोपली. वारा सुटला तरी उठली नाही. निशाचं लग्न तिथंच ठरलं, बुद्धवंदना तिथंच झाली. गेल्या माघात एका पहाटे साडेतीन वाजून गेले आणि ती उठली नाही. ऐंशी ओलांडलेली. अंगावर पांघरूण जसंच्या तसं होतं. त्या दिवशी नळ होता. गल्लीच्या कड्या सत्यभामानं वाजवल्या.

पुण्यानुमोदनाला माणसं आली ती त्याच खोलीत बसली. कुणी मांडव घालायचं म्हणालं, सांडूनं नको म्हटलं. लोक बोलत होते, आणि तो मधूनच वर बघत होता. दुःख होतं, पण ओझं नव्हतं. जे तिला पाहिजे होतं ते तिला मिळालं होतं, आणि तिनं ते वापरलंही होतं.

भागूबाईच्या तीस वर्षांच्या मजुरीचं काय झालं, असं कुणी विचारलं तर सांडू बोट वर करतो. बारा बाय वीसचा स्लॅब. पाच इंच जाड. अजून गळत नाही.