आधी पाय दाखव

कोणताही नकाशा समोर आला की आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर दीदी पेन्सिलीचं उलटं टोक टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "आधी पाय दाखव." टाकी असो, इमारत असो, ती जमिनीला कुठे टेकते हे सांगितल्याशिवाय पुढची बात नाही.

राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि जो तो बांधत सुटला होता. आमच्या छोट्या ऑफिसात या बांधकामांचं गणित व्हायचं. कोणता सांधा कोणत्या सांध्याला धरून आहे, याचा आकड्यांनी भरलेला मोठा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. तो कम्प्युटरला दिला की कोणत्या खांबावर किती भार येतो ते निघायचं. तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, उभा जन्म काढलेल्या दीदी मात्र तो चौकोन आधी ग्राफ पेपरवर मांडायच्या. दोन सांधे जोडलेले असतील तिथलं घर काळं, जमिनीला टेकलं तिथे गोल. तुम्हीही हसला असता. मी तर तोंडावरच म्हणालो, "दीदी, हे तर कम्प्युटर करते ना."

"हव, करते. पण तू विसरला तर तो बी विसरते."

सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका शेडचं काम माझ्याकडे आलं. ग्राफ पेपरला मी फाटा दिला. गणित काही सुटेना, पडद्यावर सारखी चूक. वैतागून अडलेल्या घरात मी एक बारीकसा आकडा ठोकून दिला. उत्तर लगेच निघालं.

"कागद केला ना रे?" दीदींनी विचारलं. मी बेधडक हो म्हणालो. त्यांनी सही केली.

काही दिवसांनी दुपारी डबा उघडा ठेवून त्या माझी उत्तरं चाळत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "काहून रे, या खांबावर वजनच नाही? हा छपराला लटकून राहिला का?"

त्या खांबाला जमिनीवर टेकवायचंच मी विसरलो होतो. भारच नाही म्हणून साइटवर त्याचा पाया नावापुरता भरूनही झाला होता. दीदींनी फोन करून काम थांबवलं. पाया उखडावा लागला.

आमच्या ऑफिसचे मालक लालबुंद होऊन आले. "किसने किया ये?"

मी उठायला हवं होतं. मी समोरच्या नकाशात डोकं खुपसून बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

"सही मेरी है," दीदी म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांना कायमचं घरी पाठवलं. निघताना डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "खाऊन घे. तोंड उतरलं तुझं."

आठवड्याने त्यांचं टेबल मला मिळालं. खणात माझ्याच शेडचा ग्राफ पेपर होता, काम थांबवलं त्या दिवशीची तारीख घालून दीदींनी भरलेला. घरं काळी केलेली, गोल जागच्या जागी. मी विसरलेल्या खांबाचा एकच गोल सोडलेला, आणि खाली सहीची जागा कोरी.

मी तो गोल काढला, खाली सही केली आणि कागद मालकांसमोर नेऊन ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच दीदींना फोन लावून परत बोलावलं.

दीदी आल्या नाहीत. त्याच फोनवर मालकांना एवढंच म्हणाल्या, "उस लडके को मत निकालना. अब वो पाँव देखे बिना सही नहीं करेगा."