वासवाल्या काकांच्या बाटल्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वासवाले काका म्हणत. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात विसर पडायच्या कितीतरी आधी वास येणं बंद होऊ शकतं, त्यावर आमचं संशोधन होतं. त्यासाठी लवंग, साबण, कॉफी, संत्रं अशा वासांच्या बारा बाटल्या काका दर सोमवारी ताज्या भरत. जिन्यातच संत्र्याचा वास आला की आठवडा सुरू झाल्यासारखं वाटायचं. बाटली कुणी उघडी टाकली की त्यांचा पारा चढे. "परत भरायला तू येणार आहेस का?" हे मी डॉक्टर असूनही कितीदा ऐकलंय.

एका सोमवारी त्यांनी लवंगेची बाटली बेसिनमध्ये ओतली. "शिळी आहे," म्हणाले. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मग दुकानदाराच्या नावानं खडे फोडले, "तेल नाही, पाणी विकतोय लेकाचा!" तिसरी बाटली मी नाकाशी धरली. वास थेट डोक्यात गेला. काकांचं नाक गेलंय, हे मला तिथंच कळलं. तोंडातून मात्र निघालं, "हो काका, दुकानच बदलू या."

त्याला नऊ वर्षं झाली. आता काका आमच्याकडेच तपासणीला येतात. रिकाम्या खुर्चीतल्या कुणाशी तरी बोलतात, मला ओळखत नाहीत. काल मी लवंगेची बाटली त्यांच्या नाकाशी नेली. वास आला नाहीच. त्यांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली, बूच घट्ट बसवलं आणि डाफरले, "उघडी ठेवू नकोस, पोरी. पुढच्या माणसाला काय उरेल?"