शिवलिंगप्पा सरांचा कोरा कोपरा

सात रस्ता चौकात बातमी अशी, की शिवलिंगप्पा सरांना पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या क्लासनं ओढून नेलं, आणि बोर्डाच्या परीक्षेला महिना उरला असताना ते पोरांना वाऱ्यावर सोडून गेले. चहाच्या गाड्यावर तर कुणीतरी त्यांना शिवाजीनगरला बसमधून उतरतानासुद्धा पाहिलं!

सगळं खोटं. सर क्लासच्या खोलीपासून दोन बोळ पलीकडे, स्वतःच्या घरी, बायकोच्या, सुंदरम्मांच्या खाटेशी बसलेत.

बारावीचं गणित शिकवणारा हा माणूस फळ्यावर असमानतेची गणितं आलेख काढून सोडवायचा, तीही उलटी. पुस्तक सांगतं, उत्तराची बाजू रंगवा. सर म्हणायचे, "नको ती बाजू रंगवा की! शून्य-शून्य टाकून बघा. बसत न्हाय? मग त्या बाजूला मारा रेघोट्या. सगळ्या रेषांचं मारून झालं की जे कोरं राहील ते आपलं. व्हय का न्हाय?" हे "व्हय का न्हाय" मी इतकं हुबेहूब काढायचे, की मागचे बाक सरच आले समजून गप्प व्हायचे.

घरच्या भिंतीवरही सरांनी एक आलेख लावला होता. आडवे क्लासचे तास, उभे सुंदरम्मांपाशी बसायचे. तुकड्या तीन, म्हणजे क्लासला सहा तास तरी हवेतच. उठल्यापासून अंग टाकेपर्यंत दिवस चौदा तासांचा; त्यापुढं रेघोट्या. गणपतीत लकव्याच्या झटक्यानं सुंदरम्मांची डावी बाजू गेली. तेव्हा सरांचे सहा तास पुरायचे, बाकी वेळ शेजारच्या सायराबानू बसायच्या. मधोमध छोटासा त्रिकोण कोरा होता. दिवाळीनंतर सुंदरम्मांना कूस बदलता येईना. आठ तास. त्रिकोणाचा नुसता ठिपका उरला: सहा आणि आठ. त्या ठिपक्यावर सर दोन महिने जगले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात दुसरा झटका आला. आता दहा.

मी वही द्यायला गेले, तर सर भिंतीकडं बघत उभे. कोरं काहीच नव्हतं.

"एक तरी बिंदू निघेल, सर," मी म्हणाले. "पैज!"

"लाव. निघाला तर क्लास चालू. न्हाय निघाला तर..." सर सुंदरम्मांच्या तोंडावरची माशी हाकलत राहिले. "तर पोरांना तूच सांग, काव्या. माझ्याच्यानं बोलवणार न्हाय. माझा आवाज काढतीस न्हवं? त्यातच सांग."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं!

रविवारभर मी आलेख कागद घेऊन बसले आणि संध्याकाळी धावत गेले. वरच्या कोपऱ्यात भलीमोठी जागा कोरी! "सर, हे बघा! सात आणि अकरा!"

सरांनी चष्मा पुसला. "चौदाची रेघ पुस्तकासारखी रंगवलीस गं. बाकीच्या दोन माझ्यासारख्या. सात नि अकरा किती?"

"अठरा."

"लई मोठा दिवस हाय की तुझा."

सुंदरम्मांचा उजवा हात पांघरुणावर चाचपडत होता. सरांनी तो धरला आणि माझ्याकडं पुन्हा पाहिलंच नाही.

सोमवारी मी फळ्यापुढं उभी राहिले. "उद्यापासून क्लास बंद, लेकरांनो. कळलं? व्हय का न्हाय?"

आवाज असा जमला होता, की सगळा वर्ग पोट धरधरून हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "काव्या, वन्स मोअर!"