हेतलला परत आणायला डोंबिवलीला गेले ते

सगळ्यात आधी आल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या भागवतवहिनी. हळदीकुंकवाचं बोलावणं सहाचं, या त्याच्या आधीच दारात, आणि आल्या आल्या माझ्याशी हिंदीत सुरू झाल्या. "आंटी, आप लोग भी करते हो क्या संक्रांत का हळदीकुंकू?"

माझ्या नाकात नथ, हातात कुंकवाची कोयरी, मागे तिळाच्या लाडवांचं ताट. म्हटलं, "अहो वहिनी, आम्ही शिर्के. मराठीच आहोत."

"अगं बाई, हो का. नातीचं नाव हेतल ना, म्हणून मला वाटलं." आणि खिडकीजवळची खुर्ची धरून बसल्या त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. कोण कोण येतंय ते त्यांना बघायचं होतं.

बघायला फार काही मिळालं नाही त्यांना. पण ते पुढे. आधी मी कोण, कुठली, आणि डोंबिवलीत काय करत होते ते सांगते. म्हणजे कुणाला बडोद्याहून डोंबिवलीला जायचं असेल तर रस्ताही कळेल.

मी बडोद्याची. जन्म तिथला, लग्न तिथलं, चौथीपर्यंतची मराठी शाळा तिथलीच. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात होते. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण तिथे आता ओळख सांगायला कुणी नाही. लहानपणापासून आम्हा मुलांना एकच ऐकवलेलं, आपला मुलूख तिकडे, आपली माणसं तिकडे. जसं काही आम्ही बडोद्यात गाडी बदलायला उतरलोय.

माझा धाकटा मुलगा नितीन एका केमिकल कंपनीत. कंपनीने इकडचं काम बंद करून त्याला डोंबिवलीला पाठवलं. हेतल ही त्याची मुलगी. दोन वर्षं बडोद्याच्या कॉलेजात झाली होती, तिसरं राहिलं होतं. मी म्हटलं होतं ठेवा तिला माझ्याकडे, मोठ्याच्या घरात जागा आहे. पण नितीनला मुलगी डोळ्यासमोर हवी. तिला ठाण्याच्या कॉलेजात घातलं. बडोद्याचे दोन विषय तिकडे धरले नाहीत, ते पुन्हा घ्यायला लावले. एवढं असूनही मला मनातून बरंच वाटलं होतं. म्हटलं, आमच्यातलं कुणीतरी पोचलं शेवटी.

डिसेंबरात तिचा फोन आला. "आजी, तू येशील ने?" हा 'ने' बडोद्याचा. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. "ये, आणि जाताना मला घेऊन जा. मला इथे गमत नाही. मला नाही द्यायचे पेपर."

तर असं जाणं. येताना दोघींचं तिकीट नितीनच्या नकळत काढायला लावलं मोठ्याला. पण खरं सांगते, तिला आणायचं माझ्या मनात नव्हतं. शेवटचे काही महिने राहिलेले. मला वाटलं, मी गेले, चार लोकांशी बोलले, की जुळेल सगळं. आपलीच माणसं आहेत.

उत्तरायणानंतरची गाडी धरा, आधीची धरू नका, पतंगवाल्यांची फार गर्दी असते. म्हाताऱ्यांची सवलत गेलीय, तेव्हा पूर्ण तिकिटाची तयारी ठेवा. माझ्याजवळ एक बॅग कपड्यांची आणि एक पिशवी भाजीची. सुरती पापडी, जांभळं रताळू, छोटी वांगी. शेजारच्या जसुबेनने मेथीची मुठियं तळून डब्यात भरून दिली होती. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लाडवाबरोबर उंधियो असतोच, या भाज्या आणि मुठियं एकत्र शिजवलेला. माझी सासू करायची, तिची सासू करायची. गाडीत शेजारी बसलेली बाई मुठियांच्या डब्यात हात घालून म्हणाली, "बाजारात मिळत नाही का तिकडे?" म्हटलं, "मिळेल, पण आपल्या हातचं ते वेगळं."

मी बोरिवलीला उतरले. वसईला उतरून दिव्याची गाडी घेता येते, पण ती दिवसातून मोजक्याच वेळा. बोरिवलीहून ठाण्याची बस बरी. खिडकी मिळाली तर खाडी दिसते, डोंगर दिसतो, आणि गायमुखच्या चढावर बस इतका वेळ उभी राहते की दोन्ही पाठ होतात. मला काही वाटलं नाही. सगळ्या पाट्या मराठीत. औषधाचं दुकान मराठीत, न्हाव्याचं मराठीत. मी एकेक मोठ्याने वाचत होते. कंडक्टर म्हणाला, "आजी, पहिल्यांदा आलात वाटतं?" म्हटलं, "पहिल्यांदाच, घरी." तो हसला.

ठाण्याला नितीन घ्यायला आला होता. लोकलची गर्दी मला झेपायची नाही म्हणून तिथून शीळफाट्यावरून बस. या रस्त्याला वेळ विचारू नका कुणाला. मेट्रोचे खांब एका बाजूला, ट्रक दुसऱ्या बाजूला, मधल्या फटीत आपण. बरोबर पाणी आणि खायला ठेवा. फाट्यावर आम्ही उकडलेल्या शेंगा घेतल्या, त्या डोंबिवली यायच्या आत संपल्या.

हेतलने दार उघडलं. वाळली होती. पाया पडली, पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "पापडी आणलीस?" आणि रडायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, हे रोजचंच आहे."

दुसऱ्या दिवशी हेतलबरोबर तिच्या कॉलेजला गेले. म्हणाली नको येऊस, मी गेलेच. फाटकाशी रिक्षातून उतरलो तर एक मुलगा लांबून ओरडला, "ए ढोकळा, आज पार्टी आणली काय घरची?" सगळे हसले. हेतल खाली बघून चालत राहिली. मी विचारलं, "तुला म्हणाला?" ती म्हणाली, "प्रेमानं म्हणतात, आजी." बडोद्याच्या शाळेत हिला 'ए मराठी' म्हणायचे. तेव्हा मी तिला सांगायचे, म्हणू देत, आपण आहोतच मराठी. आता काय सांगणार होते मी?

कॉलेजच्या बाहेर मिसळ चांगली मिळते. तिखट आहे, दही मागून घ्या.

मंगळवारी आम्ही दोघी टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो. कल्याणहून रिक्षा मिळतात, भाव आधी ठरवा. दोन्ही बाजूंना नव्या इमारती इतक्या झाल्यात की देऊळ मधेच कुठेतरी लपलेलं वाटतं. दर्शन झाल्यावर तळ्याच्या काठाला बसलो तेव्हा तिने खरी गोष्ट सांगितली.

शेवटच्या वर्षाला गटाने काम करून द्यायचं असतं, त्याचे मार्क धरतात. हिच्या वर्गातल्या मुलींनी डोंबिवलीची पोळीभाजी केंद्रं घेतली होती. तिथल्या बायकांना प्रश्न विचारायचे, किती पोळ्या जातात, कोण नेतं, घरी कोण असतं. हिलाही त्या गटात घातलं होतं मॅडमनी. सायली म्हणून मुलगी गटाची पुढारी. ती म्हणाली, "हेतल, तू नको बोलूस हां बायकांशी, तुझं मराठी ऐकून हसतील त्या. तू फक्त टायपिंग कर." मग टायपिंगलाही बोलावेनात. ही मॅडमकडे गेली नाही. म्हणाली, "आजी, तक्रार केली तर अजून चिडवतील. गट नाही तर मार्क नाहीत. मग पेपर देऊन काय करू? तिकीट काढलंयस ने?"

"काढलंय," मी म्हटलं. "पण आधी हळदीकुंकू. त्या मुलींना बोलाव. सगळ्या बिल्डिंगला मी बोलावते. एकदा घरी आल्या, आपण कोण ते बघितलं, की संपलं."

तिने विचारलं, "आजी, तुला खरंच तसं वाटतं?"

मला वाटत होतं.

प्रत्येक मजल्यावर जाऊन, कुंकू लावून बोलावलं मी. वाणाला चहाची गाळणी आणली होती. सकाळपासून उंधियो. वास जिन्यात गेला. आणि भागवतवहिनींनी खुर्चीतून ताट हातात घेतलं, एक घास खाल्ला आणि पुढे आलेल्या बाईला म्हणाल्या, "घे गं, गुजराती पदार्थ आहे, गोड असेल जरा." ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "छान मराठी बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?"

मी मराठी आहे हे दाखवायला घर भरवलं, आणि ताटात वाढला उंधियो. सूनबाई स्वयंपाकघरात म्हणाली, "मी म्हटलं होतं आई, मटारची उसळ करू." बडोद्यात साऱ्या मराठी बायका या उंधियोची वाट बघतात. इथे तो बघूनच आमचं नाव पक्कं झालं. बोलावणी सगळ्या मजल्यांना होती, आल्या पाचजणी. गाळण्या उरल्या.

बडोद्याला माझ्या हळदीकुंकवाला सगळ्यात आधी येते ती जसुबेन. मराठी नाही, कुंकू लावायची पद्धत तिला अजून धड जमत नाही, तरी पहिली तीच.

साडेसात होत आले तेव्हा सायली आली, तिच्याबरोबर अजून एक मुलगी. सायली दिसायला गोड, बोलायला चटपटीत. वाकून नमस्कार केला. मी तिळगूळ दिला, वाढलं. दोघी उंधियोवर तुटून पडल्या.

"आजी, भारीए हे. हेतल, तू सांगितलंच नाहीस तू मराठी आहेस ते."

हेतल म्हणाली, "सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही हसलात."

"अरे यार, मस्करी असते ती. मनाला लावून घेतेस तू." मग माझ्याकडे वळून, "आजी, ही ना फार सेंटी आहे."

मी म्हटलं, "आहे थोडी. तुम्ही तिला कामात घ्या म्हणजे सुधारेल."

"घेतलेलंच आहे की. आम्हीच बिझी होतो. ए, रविवारी भेटूया ना इथेच? मस्त बसून सगळं संपवू. अकरा वाजता. हेतल, चालेल?"

हेतल ताटं उचलायला लागली. मीच म्हटलं, "चालेल. मी नसेन, पण सूनबाई पोहे करेल."

"नक्की येतो आजी," सायली म्हणाली आणि मुठियांचा उरलेला डबा घेऊन गेली.

त्या संध्याकाळी माझ्याएवढं आनंदी कुणी नव्हतं. भागवतवहिनी जाताना म्हणाल्या, "पोरी बऱ्या आहेत." हेतलने स्वतःहून सांगितलं, "आजी, माझं तिकीट रद्द कर. रविवारपर्यंत बघते." नितीनला शेवटपर्यंत कळलं नाही की तिकीट होतं.

गुरुवारी मी निघाले. जाताना नितीनने रिक्षा करून नव्या मानकोली पुलावरून ठाण्याला सोडलं, शीळफाटा टळतो, तुम्हीही तेच करा. हेतलही बरोबर आली होती, पुलाच्या मध्यापर्यंत खालची खाडी बघत होती. मग म्हणाली, "आल्या नाहीत तर?" मी म्हटलं, "तिळगूळ खाऊन गेल्यात. येतील."

बडोद्याला घरात पाऊल टाकते तोच जसुबेन. मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. डबा मागितला नाही, विचारलं एवढंच, "तमारा लोकोमां हेतलने गमी गयुं ने?" म्हणजे तुमच्या माणसांत हेतलला करमलं ना. तिच्या मनात काही नव्हतं. मी म्हटलं, हो, गमी गयुं.

रविवारी दुपारी हेतलचा फोन आला. पोहे तसेच पडले होते. सायलीचा निरोप, घरी पाहुणे आलेत. मी म्हटलं, "मी सांगते मोठ्याला, पुन्हा तिकीट काढतो. ये तू."

"नाही येत आता," हेतल म्हणाली. "मॅडमना फोन करून सांगितलं, एकटी करते. येईन तर पेपर देऊनच."

आणि केलं तिने. कॉलेजातून आली की केंद्रांच्या रांगेत उभी राहायची. पोळ्या लाटणाऱ्या बायका विचारायच्या, "कुठली गं तू, बोलणं वेगळं वाटतं?" ही सांगायची, बडोद्याची. एका बाईने म्हणे तिला पाटावर बसवून पोळी वाढली आणि सगळं सांगितलं. हसली कुणीच नाही. हसणाऱ्या होत्या त्या वर्गात.

मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण काल फोनवर मी म्हटलं, "नीट खातेस ने?" तर म्हणाली, "हो ना, आजी." 'ने' गेला. माझ्या बडोद्याच्या पोरीचा तो इवलासा 'ने' कुणीतरी हसून हसून काढून घेतला, आणि तिथे पाठवायची हौस आम्हालाच होती. मुलूख बघून आले मी. पाट्या सुंदर आहेत.

अजून एक सांगायचं राहिलं. सायलीच्या गटाचं काम मॅडमनी परत केलं, उत्तरं घरी बसून भरलीत म्हणून. आता त्यांना हेतलने जमवलेली माहिती हवी आहे. सायलीचा हेतलला फोन आला होता, "अगं, आपण एकाच ग्रुपमधल्या ना," आणि आजीचा उंधियो मिळेल का असंही विचारत होती.

हेतलने मला विचारलं काय करू. मी म्हटलं, दार उघड, चहा दे, बाकी तुझं तू ठरव. येत्या रविवारी अकरा वाजता येतो म्हणाल्यात. नक्की.